यमाजीमार्गे

आधीच सांगून टाकते. ही गोष्ट रात्रीची नाही. अमावस्येची नाही. वडाच्या झाडाखालची तर मुळीच नाही.

भर दुपारची आहे. गेल्या एप्रिलमधली, पेठच्या वरच्या डोंगरातली. त्या दिवशी ऊन इतकं होतं की मोबाइल हातात धरवत नव्हता.

आणि ती खरी आहे. खरी आहे म्हणूनच तर माझी एवढी चिडचिड होते. खोटी असती तर एव्हाना विसरून गेले असते आणि निवांत झोपले असते.

माझं नाव अश्विनी. घर मंचरला, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. दिवसभर कांद्याचे ट्रक आणि त्यांचे हॉर्न. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्समधलं, आणि आता पुण्याच्या एका कॉलेजात संशोधन करते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. अजूनही नाही, असं मी रोज सकाळी स्वतःला बजावते.

आमचं संशोधन सांगायला सोपं आहे. छातीला बांधायचा एक पट्टा. तो हृदयाचे ठोके मोजतो, श्वासाचा आवाज टिपतो आणि काही बिनसलं की बिनतारी संदेश पाठवतो. संदेश आधी वस्तीवरच्या एका डब्यात येतो. डब्यातून मंचरला डॉक्टर आशा मॅडमच्या दवाखान्यात जातो. डोंगरात जिथे मोबाइलला रेंज नाही, तिथे फिरणाऱ्या आजारी माणसांसाठी ही सगळी खटपट.

अडचण डोंगरांची. डोंगराआड गेलं की संदेश अडतो. म्हणून आमचे पट्टे एकमेकांचे संदेश पुढे ढकलतात. तुमचा संदेश डब्यापर्यंत पोचत नसेल, तर मधल्या माणसाचा पट्टा तो ऐकतो आणि पुढे पाठवतो. स्क्रीनवर तसं लिहूनही येतं, कोणाचा संदेश आणि कोणामार्गे आला. एसटीच्या पाटीवर 'नारायणगाव मार्गे' असतं ना, तसंच.

हे मी धनगरवस्तीवर समजावून सांगत होते तेव्हा सगळे जांभया देत होते. फक्त वस्तीवरचे म्हातारे यमाजीबाबा हसले.

"म्हंजी हाळीच की!" ते म्हणाले.

आता हाळी म्हणजे काय, ते सांगायला हवं. वस्तीच्या मागे एक खिंड आहे. खिंडीपलीकडे चारी बाजूंनी उंच अशी खोलगट जागा. तिला सगळे 'कढई' म्हणतात. चारा तिथेच चांगला. पण कढईत उभं राहून कितीही बोंबला, वस्तीवर काही म्हणजे काही ऐकू येत नाही. म्हणून खिंडीत एक माणूस बसतो. खाली बिबट्या दिसला, मेंढरू पडलं, कुणाला काही झालं, की खालचा ओरडतो. खिंडीतला माणूस ती हाक उचलतो. ज्याला मदत हवी त्याचं नाव घेतो आणि वस्तीकडे तोंड करून लांब आवाजात पुढे देतो. 'अमका… हो…ओ…ओ…'

तरुणपणापासून ते काम यमाजीबाबांचं, म्हणून मधला पट्टाही आम्ही त्यांनाच बांधला होता. ते खिंडीत बसले की आजूबाजूला कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. "गप ऱ्हावा. ऐकू द्या," म्हणायचे.

माझी मात्र ते फार थट्टा करायचे. नवीन पट्टा मी आधी माझ्याच छातीला बांधून बघायचे. माझ्या नावाचा एक पट्टाच होता, तपासणीचा. बाबा इअरफोन कानाला लावून माझे ठोके ऐकायचे आणि बोळकं पसरून हसायचे.

"मॅडमबाई, काळीज लई धडाधडा पळतंय तुमचं. राग कमी करा जरा, राव."

"राग नाही बाबा. तुमच्या धाकट्या भावाने पुन्हा पट्टा उलटा बांधलाय, म्हणून डोकं फिरलंय माझं!"

धाकटा भाऊ म्हणजे दादाभाऊ. ही सगळी गोष्ट खरं तर त्यांच्यासाठी. त्यांचं हृदय कमजोर. आशा मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, "डोंगर बंद."

"मग मेंढरं काय तुमच्या दवाखान्यात चारू?" दादाभाऊंनी विचारलं होतं.

शेवटी तोड निघाली. पट्टा बांधून जायचं असेल तर डोंगरात जा, नाहीतर घरी बसा. पट्टा चालला तर दादाभाऊ मेंढरांमागे. पट्टा बंद तर दादाभाऊ बाजेवर. आणि त्यांच्या बायकोने, सुंदराकाकूंनी, मला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मॅडम, बाजंवर बसवला तर ह्यो माणूस महिना काढायचा नाय. तुमचा पट्टा नीट चालवा, बाकी मला कायबी नको."

एवढंच होतं बघा. एवढंच नीट चालायला हवं होतं.

दिवाळीच्या आसपास यमाजीबाबा गेले. झोपेतच गेले, घरात, सगळ्या माणसांमध्ये. त्यांच्यात पुरायची रीत आहे. ज्या खिंडीत ते जन्मभर बसले तिथेच त्यांना पुरलं. सोबत घोंगडी दिली, काठी दिली.

आणि आमचा पट्टा.

सुतक फिटल्यावर मी पट्टा परत न्यायला गेले, तेव्हा हे कळलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

"काकू, अहो, पट्टा काढून ठेवायचा ना!"

सुंदराकाकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुमीच तर सांगितलं व्हतं. कायबी झालं तरी पट्टा काढायचा नाय. धा वेळा सांगितलं. मग आमी कसा काढणार?"

सांगितलं होतं मी. दहा वेळाच सांगितलं होतं.

कॉलेजात आमचे सर संतापले. "रिपोर्टमध्ये काय लिहू? एक यंत्र पुरलं?" शेवटी 'गहाळ' असं लिहिलं. पट्ट्याची बॅटरी आठवडाभरसुद्धा टिकत नाही. त्यामुळे तो विषय तिथेच संपला असं आम्ही सगळे धरून चाललो.

खिंडीत आता मधला माणूस नव्हता. मग आम्ही तिथे खांब उभा केला, त्यावर यंत्र बसवलं. पहिल्याच जोराच्या वाऱ्यात तो आडवा झाला. दुसरा खांब मंजूर होईना. मी दादाभाऊंना हात जोडून सांगितलं, "काका, कढईत जाऊ नका. तिथून तुमचा संदेश येणार नाही."

ते हो म्हणाले. आणि फेब्रुवारीत वरचा चारा संपल्यावर सरळ कढईत गेले.

त्या दिवशी मी मंचरला घरी बसून स्क्रीन बघत होते. दादाभाऊंचं नाव दिसेनासं होईल असं मला वाटलं होतं.

झालं नाही.

संदेश येत राहिला. ठोके ठीक, श्वास ठीक. खाली मार्ग लिहिला होता…

यमाजीमार्गे.

मी घाबरले नाही. खरं सांगते, मी वैतागले. आमचं सॉफ्टवेअर लिहिणारा समर्थ पुण्यात बसतो. त्याला फोन लावला.

"रिस्टार्ट केलंस का?" तो म्हणाला. जगातल्या प्रत्येक प्रश्नाला त्याचं हेच उत्तर असतं.

"केलं. तीनदा केलं."

"मग जुना डेटा असेल. यादीतून नाव काढून टाक."

काढून टाकलं. नाव यादीतच नाही म्हटल्यावर ते स्क्रीनवर उमटायलाच नको.

दुसऱ्या दिवशी दादाभाऊ कढईत उतरले.

यमाजीमार्गे.

डबा बदलला. तारा बदलल्या. समर्थने सॉफ्टवेअर पुसून नव्याने टाकलं. तेच! मी जेवताना चिडायचे, झोपताना चिडायचे. आई म्हणायची, "त्या डब्याशी लग्न लाव एकदाचं." इथून जवळच खोडदला मोठाल्या तबकड्या लावून लोक आकाशातल्या ताऱ्यांचं ऐकतात. आणि मला एका डोंगरापलीकडचा संदेश येतो कुठून, ते कळत नव्हतं.

मग एकदा मी श्वासाचे आवाज ऐकायला बसले.

दादाभाऊ वस्तीवर असतानाचे आवाज आधी ऐकले. नुसता श्वास. आत, बाहेर.

मग कढईतले लावले.

श्वास. आत… बाहेर… आत…

आणि त्याच्या मागे, लांब कुठेतरी, दुसरंच काही.

ओ…ओ…ओ…

मी इअरफोन काढला. पुसला. परत लावला.

होतं.

आमचा पट्टा छातीच्या आतलंच ऐकतो. बाहेर ढोल वाजला तरी त्यात येत नाही. त्यासाठी मी एक वर्ष घासलंय. सर म्हणाले, "वारा असेल." मी म्हटलं, "सर, वारा छातीच्या आत कसा शिरेल?" ते म्हणाले, "अश्विनी, तुला रजेची गरज आहे."

मार्चमध्ये मी स्वतःच खिंडीत गेले. हातात तपासणीचं यंत्र होतं. जवळ कुठलाही पट्टा चालू असेल तर ते टिकटिक करतं. मला काहीतरी शोधून काढायचंच होतं आणि ते समर्थच्या तोंडावर मारायचं होतं. सुंदराकाकू सोबत आल्या होत्या.

खिंडीच्या तोंडाशी पोचल्यावर यंत्र टिकटिकायला लागलं. कढईत दादाभाऊ होते, त्यांचा पट्टा. खालून मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. वर कुठेतरी घार ओरडत होती.

यमाजीबाबांना पुरलं तिथे दगडांची एक रास आहे. तिच्यावर भंडारा वाहिलेला. मी यंत्र पुढे धरून तिच्याकडे गेले.

एक पाऊल. आणखी एक…

टिकटिक थांबली.

मी यंत्र हलवलं. बॅटरी भरलेली होती. काटा मात्र शून्यावर. साधी खरखरसुद्धा नाही, जी कुठेही असतेच असते.

मग माझ्या लक्षात आलं, घंटाही थांबल्यात.

खाली बघितलं. सगळी मेंढरं चरायची थांबली होती. माना वर. तोंडं आमच्याकडे… म्हणजे खिंडीकडे.

वारा नाही. घार नाही. माझाच श्वास मला ऐकू येत होता.

सुंदराकाकूंनी दगडांना हात लावून नमस्कार केला आणि अगदी हळू म्हणाल्या, "मॅडम, मागं सरा. थोरलं ऐकत्यात. त्यांना गडबड चालत नाय."

मी मागे सरले. टिकटिक सुरू झाली. खाली घंटा वाजायला लागल्या.

सरांना मी फोनवर एवढंच सांगितलं की काही सापडलं नाही. दुसरं काय सांगणार होते? माझ्या हातात पुरावा नव्हता, आणि पुराव्याशिवाय बोललं तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

एप्रिलअखेर तपासणी समिती येणार होती. सरांनी फर्मान काढलं. डब्यात नवीन सॉफ्टवेअर टाकायचं. यादीत नसलेल्या मार्गाने आलेला संदेश डबा घेणारच नाही.

आशा मॅडम भडकल्या. "अहो, कढईतून संदेश येतो तो तेवढ्या एकाच वाटेनं येतो. ती बंद केलीत तर त्या माणसाला काही झालं तर मला कळणार कसं?"

"त्यांना कढईत जाऊ देऊ नका," सर म्हणाले.

"तुम्ही येऊन अडवा मग!"

शेवटी समितीची भीती जिंकली. काम माझ्याकडे आलं.

तो दिवस. भर दुपार.

वस्तीवर पोचले तेव्हा मी फोनवर समर्थशी कचाकचा भांडत होते. त्याने चुकीची फाइल पाठवली होती. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये, एका हातात लॅपटॉप. सुंदराकाकू पुढे आल्या. हातात फडक्याचं गाठोडं.

"मॅडम, ह्ये घ्या. ह्यांनी सांगितलंय…"

"हो काकू, ठेवते." भाकरी असेल असं वाटून मी ते गाठोडं बॅगेत कोंबलं. काकू नेहमी देतात. मी भांडणात परत घुसले.

डबा वस्तीच्या पाण्याच्या टाकीवर आहे. शिडीने वर चढले. बॅग बाजूला ठेवली, लॅपटॉप जोडला, इअरफोन घातले. योग्य फाइल आली. स्क्रीनवर प्रश्न आला.

'नोंद नसलेले मार्ग नाकारायचे का?'

खाली कोंबड्या. कुणाचा तरी टीव्ही. शेजारच्या शेतात पाण्याची मोटर.

मी बटणावर बोट ठेवलं.

मोटर बंद पडली. मला वाटलं, लाइट गेली. लाइट गेली म्हणून टीव्हीही बंद.

पण कोंबड्या?…

कोंबड्या कशा गप्प झाल्या?

आणि डबा कोकलला. लाल दिवा. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात,

धोका. दादाभाऊ. यमाजीमार्गे.

"परत! परत तेच!" मी मोठ्याने ओरडले. देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला भीती नाही, नुसता संताप आला. मी श्वासाचा आवाज लावला.

घरघर. पाण्यातून ओढल्यासारखा श्वास. आत… थांबला… आत…

आणि मागून, आता लांब नाही, अगदी स्पष्ट…

"दादाभाऊ… हो…ओ…ओ…"

मी खाली बघितलं. अंगणात सुंदराकाकू उभ्या. कानामागे हात. तोंड खिंडीकडे.

"मॅडम, खाली उतरा! थोरल्यांची हाळी आली!"

"काकू, तो आवाज लॅपटॉपमधला…"

इअरफोन माझ्या कानात होते. बाहेर आवाज येतच नव्हता.

काकू पळायलाही लागल्या होत्या.

ती चढण मी कशी चढले मला आठवत नाही. चपला तुटल्या. मागून वस्तीवरचे दोघं धावत आले. खिंड ओलांडली, खाली उतरलो. मेंढरं एका जागी गोल करून उभी. एकही चरत नव्हतं, एकही ओरडत नव्हतं. मध्ये करवंदीच्या जाळीखाली दादाभाऊ आडवे. ओठ काळेनिळे. तोंडातून फेस.

घोंगडीची झोळी केली. उचलून वस्तीवर आणलं. कांद्याचा एक पिकअप भरून उभा होता, त्याच्या गोण्या तिथेच खाली फेकल्या आणि त्यातून मंचर गाठलं. दवाखान्याच्या दारात आशा मॅडम ऑक्सिजन घेऊन तयारच होत्या. संदेश त्यांच्याकडेही पोचला होता.

संध्याकाळी त्या बाहेर आल्या. घामाने डबडबलेल्या.

"वाचला! अजून थोडा वेळ गेला असता तर हातातून गेला होता."

सुंदराकाकू तिथेच फरशीवर बसल्या आणि पदर तोंडात घालून रडल्या. मीही रडले, का खोटं बोलू.

मॅडमनी मला आत बोलावलं. एका हातात दवाखान्यातला हृदयाचा आलेख, दुसऱ्या हातात आमच्या संदेशातला. शेजारी धरले. ठोका जिथे अडखळला होता, ज्या पद्धतीने अडखळला होता, सगळं तंतोतंत.

"अगं, जिंकलीस तू! केवढं अचूक आलंय हे!"

तीन वर्षांनी कुणीतरी मला असं म्हणत होतं. मी म्हटलं, "मॅडम, त्यांच्या छातीवरचा पट्टा द्या ना. आतली नोंद उतरवून घेते."

"कसला पट्टा?"

"दादाभाऊंचा."

"अंगावर पट्टा नव्हताच. मीच सदरा कापला. मला वाटलं तुम्ही वाटेत काढलात."

आम्ही काढला नव्हता. मी सुंदराकाकूंकडे बघितलं.

"तुमालाच दिला की आल्या आल्या," काकू म्हणाल्या. "बंद तुटला व्हता त्याचा. हे म्हनलं, मॅडम येणारेत, त्यांच्याकडं दे, आजच्या दिस तसाच जातो. फडक्यात बांधून दिला ना तुमच्या हातात."

मी बॅग उघडली. गाठोडं तसंच होतं. गाठ सोडली.

भाकरी नव्हती.

पट्टा. तुटलेला बंद. दिवा विझलेला. छातीवरून सुटला की तो आपोआप बंद होतो, मीच तसा बनवलाय. भर दुपारी, हाळी आली तेव्हा, तो बंद पट्टा टाकीवर माझ्या बॅगेत होता. डब्याच्या शेजारी.

मग कढईतले ठोके कुणी ऐकले?

दादाभाऊ शुद्धीवर आले तेव्हा मी त्यांना विचारलं, "काका, तुम्ही हाक मारलीत का?"

"कुठली हाक? तोंडातनं सबुद फुटंना." ते छताकडे बघत म्हणाले, "पर थोरला वरडताना मी ऐकला. म्हनलं, चला, पोचली हाळी. अन् डोळं मिटलं."

समितीपुढे मी सगळं ठेवलं. हाळी सोडून सगळं. त्यांनी तो संदेश बाद केला. 'पट्टा अंगावर नसताना आलेली नोंद ग्राह्य धरता येत नाही.' तीन वर्षांत ज्या एका संदेशाने माणूस वाचला, तोच बाद! बाकीच्या निकामी नोंदी मात्र ग्राह्य. मी भांडले. सरांनी माझा दंड धरून मला खाली बसवलं. जूनमध्ये काम गुंडाळलं.

डबा काढायला मीच गेले. मान वर करून सुंदराकाकूंकडे बघवत नव्हतं.

"काकू, माझा नाइलाज आहे हो."

त्यांनी माझ्या हातावर चहाचा कप ठेवला. "न्या, मॅडम. आमाला ऐकू येतं. डबा तुमालाच लागायचा."

दादाभाऊ अजून डोंगरात जातात. आशा मॅडम अजून ओरडतात. डबा माझ्या घरी कपाटात आहे, बॅटरी काढलेली, तारा गुंडाळलेल्या.

इथेच थांबले असते. पण काल दुपारी सुंदराकाकूंचा फोन आला.

"मॅडम, बऱ्या हाय ना तुमी?"

"का हो? काका ठीक आहेत ना?"

"हे हितंच बसल्यात, जेवत्यात. त्यांना काय झालं नाय." "आत्ता खिंडीतनं हाळी आली."

"मग?"

"नाव तुमचं घेतलं."

मी चिडले. "काकू, काहीतरीच काय बोलता!" म्हणून फोन ठेवून दिला. आणि मग पलंगावर बसून राहिले.

कारण दोन आठवडे झाले, छातीत डाव्या बाजूला बारीक कळ येते. जिना चढताना येते. मी अ‍ॅसिडिटी म्हणून गोळ्या खातेय. घरात कुणाला बोलले नाही. काकूंना तर कळायचं कारणच नाही.

उद्या सकाळी आशा मॅडमकडे जाणार आहे, वेळ घेतलीय. आत्ता माझ्या नावाचा तो तपासणीचा पट्टा काढून छातीला बांधलाय आणि हे लिहितेय. पट्ट्याचा दिवा चालू आहे. डबा बंद आहे, म्हणजे संदेश कुठेच जाणार नाही, हे मला माहीत आहे. तरी बांधलाय.

भर दुपार आहे. मंचरचा हायवे, कांद्याचा हंगाम, आणि मघापासून एकही हॉर्न ऐकू आलेला नाही…

कळ परत आली. या वेळी हातापर्यंत.

आईला दोनदा हाक मारली. ती खालीच आहे, स्वयंपाकघरात.

ओ देत नाहीये.